आधी ओळख द्यायची नाही

लिही, आजी सांगते तसं. वरच्या खोलीत राहायला आली तेव्हा ती पस्तिशीला टेकली होती आणि अजून शिकतच होती.

तुला हे माहीत आहे, तिची बॅग जिन्यावरून तूच चढवलीस. पण वाचणाऱ्याला कुठलं ठाऊक? एक बॅग, एक पुठ्ठ्याचं खोकं. खोक्यात मला वाटलं भांडी असतील. निघाले काय तर लाकडी ठोकळे, साबणाचे फुगे करायची बाटली, एक खोटा टेलिफोन आणि एक डोळे मिटणारी बाहुली. मी म्हटलं, "मूलबाळ मागून येतंय वाटतं?" तर म्हणाली, "नाही आजी, हे माझं सामान आहे."

काय करतेस विचारलं, तर म्हणाली मुलांची मानसशास्त्रज्ञ होतेय.

"होतेय म्हणजे? डॉक्टर आहेस असं भाडं ठरवताना म्हणालीस."

"डॉक्टर झालेय. पण औषध देणारी नाही. आणि डॉक्टर झाल्यावर पुढे परत उमेदवारी करावी लागते."

तू त्याला पोस्टडॉक म्हणतात असं सांगितलंस. मला ते लग्न लागल्यावर पुन्हा स्थळं बघायला निघाल्यासारखं वाटलं. तसं मी तिला बोलून पण दाखवलं. ती हसली. हसली की तिचे खांदे हलायचे, आवाज नाही यायचा. आवाज न करता हसणारं माणूस मी तरी दुसरं पाहिलं नाही.

मग हळूहळू कळत गेलं. आमच्या गल्लीच्या टोकाला ते केंद्र आहे ना, जिथे उशिरा बोलणारी, उशिरा चालणारी, चारचौघांपेक्षा वेगळी वाढणारी पोरं नेतात, तिथे ही वर्षभर शिकायला होती. त्याआधी तिनं अशा पोरांवर मोठा प्रबंध लिहिला होता. हजारो पोरांची माहिती म्हणे, पण सगळी कॉम्प्युटरवर. एकदा माझ्याकडे चहा पिताना म्हणाली, "आजी, इतक्या मुलांवर लिहिलं, पण एकाचंही नाक पुसलं नव्हतं." म्हणून आली होती. नाक पुसायला.

तिथे एक खोली आहे, तिच्या एका भिंतीला काळी काच. काचेपलीकडे मोठ्या बाई बसतात, तिला शिकवणाऱ्या. त्यांना ही दिसते, हिला त्या दिसत नाहीत. हिच्या कानात बोंडाएवढं यंत्र घातलेलं, त्यातून त्या सांगत राहतात, थांब, घाई करू नको, आधी त्याला बघू दे. मी म्हटलं, "म्हणजे सासू भिंतीआड आणि बोलणी कानात." त्यावर पण खांदे हलले.

सराव करायला तिला कुणी नव्हतं, म्हणून मला घेऊन बसायची. पुढ्यात चित्रं ठेवायची, यात काय चाललंय, यातलं वेगळं कोणतं. मी सांगायचे. तिचा चेहरा जिथल्या तिथे, रेषा हलायची नाही.

"बरोबर की चूक ते तरी सांग."

"सांगायचं नसतं आजी. सगळ्यांना सारखाच चेहरा दाखवायचा."

"अगं, मी काय तुझी पोर आहे? जेवायला बसल्यावर पण असलाच चेहरा करून बसशील एक दिवस."

बोलून गेले खरी, पण पुढे पुढे तसंच झालं. दिवसभर तिकडे लहान लहान शब्द बोलायची. फू, उड, दे, अजून. संध्याकाळी घरी यायची तेव्हा बोलणं संपलेलं असायचं. ओट्याशी उभी राहून पाव आणि अंडं खायची. मी खालून हाक मारायचे, खाली ये, दोन घास बसून खा. यायची, पण ताटाकडे बघत जेवायची. रविवारी आईचा फोन. आई तिची लांब, दुसऱ्या गावी एकटी. जिन्यात ऐकू यायचं, "हो. जेवले. हो. बरं आहे. तू?" झालं, संपलं. गावात तिच्या ओळखीचं म्हणाल तर मी, तू, आणि केंद्रातली माणसं. केंद्रातले बाकीचे सगळे संसारी, कामाची वेळ संपली की पसार.

आता समोरच्या टेलरबाईचं सांगते, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

टेलरबाईचं घर म्हणजे पुढे मशीन, मागे चूल. नवरा मालट्रकवर, आला तर आला. एकच पोरगं, सहा वर्षांचं. सगळी गल्ली त्याला भिंगरी म्हणते, कारण ते गोल गोल फिरायचं, पायाच्या बोटांवर चालायचं, टाच कधी टेकायचं नाही. आणि बोलायचं नाही. हाक मारली तरी वळून बघायचं नाही. त्याला काही हवं असलं की आईचा हात धरून तिथे नेऊन ठेवायचं, जसा काही तो हात म्हणजे चिमटा. लोक म्हणायचे बहिरं आहे. पण बिस्किटाच्या पुड्याचा कागद वाजला की मागच्या अंगणातून पळत यायचं. मग बहिरं कसलं?

शेवटी टेलरबाई त्याला केंद्रात घेऊन गेली. आली ती रडत आली. स्वमग्न म्हणाले, तिनं सांगितलं. मला तो शब्द नवा, तिला पण नवा. पण मग दर आठवड्याला जायला लागली आणि तिचा सूर बदलला. माझ्या ओट्यावर बसून सांगायची, "मावशी, तुमच्या वरच्या मॅडमच आहेत त्याला. काय बाई आहे. अहो जमिनीवर आडव्या होतात त्याच्यासोबत. तो फिरला की या फिरतात. परवा फुगे सोडले आणि मधेच थांबल्या. नुसत्या थांबून राहिल्या. आणि ह्यानं वर बघितलं, मावशी, त्यांच्या डोळ्यांत बघितलं. मला सहा वर्षांत नाही बघितलं असं."

हे सांगताना तिला आनंद झाला की वाईट वाटलं, ते तिचं तिलाच कळत नव्हतं.

मी संध्याकाळी वरच्या बाईला म्हटलं, "आपल्या भिंगरीनं बघितलं म्हणे तुझ्याकडे."

"कोण, आजी?"

"अगं टेलरबाईचा."

"चहात साखर कमी आहे का हो आज?"

अळीमिळी गुपचिळी. मी तऱ्हेतऱ्हेनं विचारून बघितलं. ताकास तूर लागू दिली नाही. मला वाटलं, शिकलेली माणसं, त्यांना आमच्यासारख्या गप्पा कुठल्या आवडायला.

जमिनीवर रांगून रांगून तिच्या पँटचे गुडघे फाटायचे. मी म्हटलं, समोर टाक, टेलरबाई उभ्या उभ्या शिवून देईल. तर ही बस पकडून गावाच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि तिकडून ठिगळं लावून आणली. तीही वेडीवाकडी. टेलरबाईनं खिडकीतून बघितलं ना. तिची नजर माणसाच्या तोंडावर नंतर जाते, शिवणीवर आधी.

"मावशी, ते गुडघे बघितले? पोत्याला बरी शिवण असते. माझ्या मशीनला काय विटाळ लागलाय का?"

मी काय सांगणार? मलाच माहीत नव्हतं.

आणि मग ते पावाच्या दुकानातलं झालं. ही पाव घेत होती, टेलरबाई पोराला घेऊन आत आली. दुकानात ओळखीचे चार लोक. टेलरबाई हिच्याकडे बघून थांबली, तोंड हसायच्या बेतात. आणि हिनं काय केलं, तर मान खाली घालून सुटे पैसे मोजले आणि बाजूनं निघून गेली. जसं काही भिंतीजवळून जावं.

टेलरबाई तिथून सरळ माझ्याकडे. बसली नाही पण. उभ्यानंच म्हणाली, "आत तासभर माझ्या पोरासोबत लोळते आणि चार लोकांत ओळख देत नाही. लाज वाटते तिला आमची. पोराची लाज वाटणारे घरचेच कमी आहेत का, की बाहेरून आणखी एक आणायची?"

आणि तिनं केंद्रात जाणं बंद केलं.

मी वर गेले. तुला आठवत असेल, गुडघे दुखत असताना मी तो जिना चढले. म्हटलं, "का गं, टेलरबाईला ओळख का दिली नाहीस?"

ती ठोकळे पुसत होती. पोरं तोंडात घालतात म्हणून रोज पुसायची. म्हणाली, "आजी, मी ह्यावर बोलू शकत नाही."

"बोलू शकत नाहीस म्हणजे? तोंड आहे ना? ती बाई पोराला घरी घेऊन बसलीय."

तिचे हात थांबले. "घरी?" एवढंच म्हणाली. मग परत पुसायला लागली. एकच ठोकळा पुसत राहिली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, तशी गत झाली होती तिची, पण तेव्हा मला काय कळणार.

पुढचे आठवडे फार वाईट गेले. केंद्रातून टेलरबाईला फोन यायचे, ती उचलायची नाही, वाजू द्यायची आणि मशीन जोरात चालवायची. वरची बाई कामावरून आली की खिडकीशी बसायची, पण समोरच्या घराकडे पाठ करून. मुद्दाम खुर्ची फिरवून घेतली होती तिनं. अंडं उकडायची आणि तसंच राहायचं भांड्यात.

एक दिवस मीच म्हटलं, "बरं, ह्या टेलरबाईचं नको सांगू. जगातल्या दुसऱ्या कुठल्या तरी बाईचं सांग. तुमच्यात ओळख द्यायची नाही असं काही असतं का?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मग बोलली, शब्द मोजून मापून. "असतं. बाहेर कुणी भेटलं तर आम्ही आधी ओळख द्यायची नाही. कारण आम्ही ओळख दिली की चार लोक विचारणार, ही कोण, कशी ओळखते. म्हणजे त्यांचं मूल केंद्रात येतं हे आम्हीच जगाला सांगितल्यासारखं. त्यांनी हाक मारली तर बोलायचं. मान हलवली तर मान हलवायची. पण आधी त्यांनी."

"आणि कपडे शिवायला टाकणं?"

"तेही नाही. मूल बघायचं आणि कपडेही शिवून घ्यायचे, म्हणजे उद्या भाव करताना तिला मला नाही म्हणता येणार नाही."

"मग हे सांगता ना तुम्ही लोकांना?"

"सांगतो. पहिल्याच भेटीत…" आणि इथे ती थांबली. मग अगदी हळू म्हणाली, "त्याच दिवशी सांगितलं. निदान सांगितलं, त्याच्या पाठोपाठ."

निदान म्हणजे पोराला काय आहे ते नाव, असं तू मला नंतर सांगितलंस.

मी दुसऱ्या दिवशी टेलरबाईकडे गेले आणि ती जगातली दुसरी कुठली तरी बाई सोडून दिली, सरळ सांगितलं. तिनं मशीनवरचा पाय काढला. भिंगरी कोपऱ्यात रिकाम्या रिळांची रांग लावत होता.

"सांगितलं असेल मावशी," ती म्हणाली. "त्या दिवशी त्या बराच वेळ बोलत होत्या. मला ते एक नाव ऐकू आलं, मग पंखा फिरताना दिसत होता. बाकी काही नाही."

ती परत केंद्रात गेली. पण तिथे पोरांची रांग लागलेली असते. जागा कुणाला तरी देऊन टाकलेली. भिंगरीला वेगळ्या दिवसाची वेळ मिळाली, एका नव्या मास्तरांकडे. टेलरबाई भांडली, मॅडमच पाहिजेत म्हणाली. मोठ्या बाई तयार होत्या म्हणे, अदलाबदल करून देऊ. तर हिनंच नको म्हटलं. टेलरबाईनं मला जसंच्या तसं सांगितलं: "म्हणाल्या, ताई, माझं वर्ष संपत आलं. तो माझ्याकडे रुळला की मी जाणार. त्याला परत दोनदा माणूस बदलायला लावू नका. सर राहणार आहेत इथे."

"आणि चेहरा कसा होता तिचा?" मी विचारलं.

"चेहरा काय, तसाच. सगळ्यांना दाखवतात तो."

घरी येऊन हिनं माझ्यापाशी अवाक्षर काढलं नाही. मीही विचारलं नाही. जेवायला बोलावलं, आली, बसून जेवली.

त्यानंतर एका सकाळी ती कामाला निघाली होती आणि टेलरबाई दारात उभी. गल्लीत दूधवाला, शेजारची, सगळे होते. टेलरबाईनं मोठ्यानं हाक मारली, "मॅडम, निघालात का?"

ती थांबली. "निघाले ताई. कशा आहात?"

"हा बघा, हा पण उठलाय." टेलरबाईनं पोराची हनुवटी धरून तोंड तिच्याकडे वळवलं. "बघ की रे, कोण आहे? फुगेवाल्या मॅडम ना?"

पोरगं तिच्या खांद्यावरून विजेच्या तारेकडे बघत होतं. त्याच्या लेखी ती बाई त्या खोलीतच होती, गल्लीत नव्हती. टेलरबाई पुन्हा तोंड वळवायला गेली.

"राहू द्या ताई," ती म्हणाली. "इथे फुगे नाहीत ना माझ्याकडे." आणि हसली. खांदे नाही हलले.

उमेदवारी संपल्यावर ती गेली. तेच खोकं, तीच बॅग. दुसऱ्या शहरात नोकरी लागलीय, आता तिच्या हाताखाली दोन शिकणाऱ्या मुली आहेत. अधूनमधून फोन करते. माझे गुडघे विचारते, तुझी परीक्षा विचारते, वरच्या खोलीत कोण आलंय ते विचारते. समोरच्या घराचं विचारत नाही. कधीच नाही.

मग मीच सांगते. गल्लीतल्या गप्पा म्हणून सांगते, माझ्यावर कुठला नियम आहे? टेलरबाईनं नवीन मशीन घेतलं. दूधवाल्याचं लग्न ठरलं. भिंगरी आता टाच टेकतो. परवा नळाशी उभा राहून "पाणी" म्हणाला, आईचा हात न धरता, स्वतःच बोट दाखवून.

तिकडून काही आवाज येत नाही. पण ती फोन ठेवतही नाही. मग मी पुढचं सांगते.