अठरा रिंगांचं शीड

आमच्या नायगावच्या मारोतीमामाचं अख्खं आयुष्य वाऱ्याला बाहेर ठेवण्यात गेलं. ट्रकच्या ताडपत्र्या शिवतो गडी. कापडाला जरा झोळ दिसला की उसवून टाकणार, अन् कडेला हात-हात अंतरावर पितळी रिंग ठोकणार. समुद्र त्यानं बघितला न्हाई. नांदेडची गोदावरी बघितली, तीबी पुलावरून, बसच्या खिडकीतून.

अशा माणसाला भाच्यानं शीड शिवायला सांगितलं. भाचा अश्वजित नौदलातून रिटायर झालेला. दोन दोस्तांसंग शिडाच्या बोटीनं गोव्याहून मॉरिशसला निघणार होता. बोटीच्या पुढच्या अंगाला तारेवर एक मोठं शीड होतं. वारं वाढलं की ते चटईवानी गुंडाळून अर्धं करायचं. तेवढ्यावर भागंल, का आत दुसरी तार ओढून एक लहान शीड वेगळंच ठेवावं, हे त्याचं ठरंना. चुकलं तर भर समुद्रात दुरुस्तीला कोण हाय?

मोठ्या शिडाची कड उसवली होती म्हणून तेबी त्यानं संग आणलेलं.

"मामा, ह्याला टाके घाला. अन् ह्या जाड कापडाचं एक लहान शिवून बघा. पण पोट ठेवा बरं त्याला."

"पोट?" मामानं स्वतःच्या पोटावरून हात फिरवला. "कापडाला कशाला पायजे?"

आठ दिवसांनी शीड तयार झालं. तिकोनी, पत्र्यावानी ताठ, कडांना अठरा रिंगा.

"मामा, ही ताडपत्री झाली की!"

सरजामामी सुपारी कातरत बोलली, "लग्नात माझी चोळीबी ह्यांनीच शिवली व्हती. श्वास घ्यायची सोय न्हाई."

मामाचं तोंड एवढुसं झालं. पण अडून बसला, "वर चढवून तर बघ."

दुपारी माळावर वारं सुटलं. तिथल्या जुन्या लोखंडी खांबापासून खुंटीपर्यंत तिरपी तार ओढली. आधी मोठं शीड अर्धं गुंडाळून चढवलं. उरलेल्याचं पोट असं फुगलं की दोरी धरलेला अश्वजित पाय घासत चार पावलं ओढला गेला. मग मामाचं चढवलं. वारं तेवढंच, पण फडफड न्हाई की हिसके न्हाई. अश्वजित जागचा हलला न्हाई.

"मामा, चुकी माझी. पोट साध्या वाऱ्याला. वादळाला असंच सपाट पायजे. दुसरी तार घालतो आता."

"मग, मी काय म्हनलो व्हतो!" मामा म्हणाला. तसं काहीच म्हणाला नव्हता.

बोट निघाल्यावर अकराव्या दिवशी बोटीवरच्या सॅटेलाइट फोनवरून मामाच्या मोबाईलवर निरोप आला : 'कालपासून लई वारं. मोठं शीड पुरं गुंडाळलं, तुमचं वर हाय. पुढच्या कडेच्या सहा रिंगा तारेला अडकवल्या, मागच्या कोपऱ्याची एक दोरीला. आम्ही तिघं मजेत.'

मामानं बोटांवर हिशेब केला. "अकरा रिंगा मोकळ्या सोडल्या? वारं घुसंल की!"

"घुसू द्या की," मामी म्हणाली. "त्याच्याच जिवावर चाललेत ते."

पण त्या दिवशीच्या ट्रकच्या ताडपत्रीला मामानं अकरा रिंगा जास्त ठोकल्या.