नानीच्या छतातलं घड्याळ

आखाती युद्धाच्या त्या हिवाळ्यात सौदीतल्या हुफूफमध्ये माझ्याइतका भाव कुणालाच नव्हता. मी साधा सुतार. पण विषारी वायूच्या भीतीने प्रत्येक घरात एक खोली हवाबंद करायची होती. खांद्यावर प्लास्टिकची गुंडाळी, मनगटात चिकटपट्ट्यांच्या बांगड्या, अशी माझी स्वारी निघाली की मागे इतकी माणसं लागायची. रत्नागिरीत माझ्या वरातीलाही एवढी नव्हती.

आमच्या दुकानाशेजारी एका उइगूर माणसाची नान-भट्टी होती. त्याच्या म्हाताऱ्या आईला मी नानी म्हणायचो. लहानपणी ती चीनमधल्या काशगरहून घरच्यांबरोबर हजला निघाली आणि बोटीची वाट बघत वर्षभर मुंबईत अडकली. तिथलं हिंदी तिच्या तोंडात अजून होतं, शिव्यांसकट. मुलाने मातीच्या जुन्या घरात तिच्यासाठी थेट काशगरची खोली उभी केली होती. अर्ध्या खोलीत गुडघाभर उंच ओटा, त्यावर गालिचे. भिंतीत कमानदार कोनाड्यांची रांग. खिडकी नाहीच, छतात फक्त एक चौकोनी झरोका.

खिडकी नाही! मला तर लॉटरीच लागली. शिडी लावली, झरोक्यावर काळं प्लास्टिक ताणलं, पट्ट्या मारल्या आणि शाबासकीसाठी खाली वळलो.

"माझं घड्याळ मारलंस, मेल्या!" अंधारातून नानी ओरडली.

झालं होतं असं, की नानीला ऐकू कमी यायचं. बांग काय आणि धोक्याचा भोंगा काय, तिला दोन्ही सारखेच. नमाजची वेळ ती कवडशावरून ओळखायची. झरोक्यातलं ऊन एकेक कोनाडा ओलांडत जायचं. हिवाळ्यात ते तिसऱ्या कमानीला टेकलं, की दुपारनंतरची असरची नमाज.

ती उठली आणि अंगणात जाऊन बसली. दोन दिवस तेच. भोंगा वाजला की सगळं घर आत आणि नानी तसबीची माळ घेऊन बाहेर.

तिसऱ्या सकाळी मुलगा दुकानात आला. "भाई, आई बाहेर असताना मी आत कसा बसू? काहीतरी कर, पण आजच कर."

मला माझीच लाज वाटली. कोकणात आमच्या स्वयंपाकघरावर काचेचं कौल होतं. त्याचा उजेड चुलीपाशी आला की आई भाताचं आधण ठेवायची. आणि मी निघालो होतो झरोके बुजवायला!

आता स्वच्छ काच हवी. बाजारात मिळेना. अख्ख्या गावात तशी एकच होती, आमच्या दुकानाच्या दर्शनी कपाटाला. मी कफीलकडे, म्हणजे दुकानाच्या अरब मालकाकडे, गेलो आणि चेहरा पाडून म्हणालो, "अरबाब, बॉम्ब पडला तर ही काच फुटून तुमच्या अंगावर येईल. काढून लांब नेऊन ठेवू?"

"लगेच काढ!" तो म्हणाला. वर माझ्या डोक्यावरून हातही फिरवला.

दुपारी चौकट ठोकली, काच बसवली, कडेने पुट्टी भरली. बोटं पुसतोय तोच भोंगा वाजला. सुना, नातवंडं, सगळी आत धावली. नानी दारात काठी टेकून उभी राहिली. आधी छताकडे बघितलं, मग भिंतीकडे.

"आई, आत ये ना!" मुलगा रडकुंडीला आला होता.

ऊन हळूच तिसऱ्या कमानीला टेकलं. नानी आत आली. आम्ही दाराच्या फटी बंद केल्या. श्वास रोखून बसलेल्या आम्हा सगळ्यांसमोर तिने निवांत नमाज पढली.

धोका टळल्याचा भोंगा झाला तरी कुणी हलेना. नानीने मला बोटाने जवळ बोलावलं. मी मान खाली घातली, दुवा घ्यायला.

"तुझ्या चौकटीने ऊन दोन बोटं मागे पडलंय," ती म्हणाली. "उद्या ये आणि नीट कर."