फळीवरचा कागद

दिवाळीच्या साफसफाईत फळीवरचे जुने पेपर काढले, की हळद-मिरची मुरलेल्या कागदाचा वास येतो आणि मला मेडशीची आमची शेजारची काकू आठवते. मी तेव्हा कॉलेजात होते. तिचे डबे उतरवून पेपर बदलत होते, तर एका पानाला हात लावताच ती ओरडली, "तो नको काढू वं! त्याच्यात यायचं नाव हाय." 'यायचं' म्हणजे तिच्या नवऱ्याचं. त्याला मंगरूळपीरच्या एसटी स्टँडवर दागिन्यांची पिशवी सापडली होती आणि त्यानं ती परत केली होती. त्याची बातमी छापून आल्याचं गावानंच तिला सांगितलं होतं. वर्षभरात तो वारला. "मले वाचून दाखव," काकू म्हणाली. तिला वाचता येत नव्हतं. पावसाच्या नि बैलबाजाराच्या बातम्यांमध्ये चार ओळी होत्या. पिशवीवाल्या बाईचं नाव, गाव, सगळं होतं. परत करणारा मात्र नुसता 'एक शेतकरी'. मी तिथे काकाचं नाव आडनावासकट खणखणीत वाचलं. "कुठी हाय? बोट ठेव त्याच्यावर." मी 'शेतकरी'वर बोट ठेवलं. काकूनं त्या शब्दाला हात लावून कपाळाला लावला, आणि पुढे रोज डबा काढताना लावत राहिली. ती गेल्यावर सुनेनं तो कागद मला आणून दिला. हळदीच्या बोटांनी तेवढा एक शब्द पार पुसून गेलाय. कुणी विचारलं, तर मी तिथे अजून काकाचंच नाव वाचते.