शिक्का नसलेलं पुस्तक

उल्हासनगरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी एकतीस वर्षं पुस्तकं काढून दिली. लिहायचा सराव नाही, जमेल की नाही ठाऊक नाही. पण संध्या शिरसाट मॅडमविषयी दुसरं कुणी लिहिणार नाही.

मॅडम विठ्ठलवाडीच्या चाळीत वाढल्या. वडील अंबरनाथला कारखान्यात. आमच्याकडे त्या इंग्रजी शिकवत, नेमणूक दरवर्षी नव्याने. अभ्यासक्रमात त्या थोर इंग्रज नाटककाराचं एक नाटक होतं. त्यात नवरा बायकोला उपाशी ठेवून सरळ करतो. मुलं खिदळायची. मॅडम त्यांना हसू द्यायच्या, मग म्हणायच्या, "आता त्याच जमान्यातल्या बायकांनी काय लिहिलंय, ते ऐका."

"मॅम, ये एक्झाम में आएगा क्या?"

"नाही. बायकांना परीक्षेत कोण घेतं?"

त्या बायकांच्या लेखनाचं पुस्तक ग्रंथालयात एकच. एकीने घरी नेलं की बाकीच्या अडायच्या. म्हणून मी ते नोंद न करताच टेबलावर ठेवायचो. मुली घोळक्याने वाचायच्या. तेजस्वी नावाच्या मुलीने तर अर्धं वहीत उतरवून घेतलं.

मग न वाचली जाणारी पुस्तकं काढून टाकायला समिती बसली. विभागप्रमुखांनी त्या पुस्तकाचं कार्ड वर धरलं. पाच वर्षांत पुस्तक घरी नेल्याचा एकही शिक्का नाही.

"मॅडम, हे वाळवीनेसुद्धा वाचलेलं नाही. आणि तुम्ही यावर तास घालवता?"

समिती हसली. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी कपाटाला कुलूप लावत राहिलो. नोंदीविना पुस्तक देणं नियमात बसत नव्हतं आणि माझ्या निवृत्तीला चार महिने होते.

जूनमध्ये मॅडमना नेमणूक मिळाली नाही. गाईडमधून उतारे सांगणारे प्रमुख तिथेच आहेत. माझाही सत्कार झाला, शाल-नारळ देऊन. त्या शालीची मला चीड येते.

परवा बदलापूरला, शिरगावात, मॅडमच्या घरी गेलो. समितीपुढे का बोललो नाही, ते सगळं सांगितलं.

"काका, बोलला असता तर काय झालं असतं?"

"फार तर मेमो."

"एवढंच?" त्या म्हणाल्या. "मग आता मला नका सांगू. त्यांना लेखी द्या."

पुस्तक रोज वाचलं जात होतं, चूक माझी, असं सहीनिशी प्राचार्यांना दिलं. पोच मागितली तर क्लार्क म्हणाला, "काका, रिटायर झालात ना? आराम करा की."

पोच मिळेपर्यंत मी ऑफिसबाहेरच्या बाकावरून उठणार नाही. आज चौथा दिवस.