औदुंबराला घातलेला वळसा

बायको गेली तेव्हा मी देवाशी बोलणं टाकलं. खोटं कशाला सांगू? गुरुवारी तळवलीतल्या आमच्या दत्ताच्या देवळात भजनाला जायचो, ते पखवाजाला दुसरं कोणी नव्हतं म्हणून. हात वाजवायचे, तोंड गप्प.

रुसलो देवावर होतो, पण राग माझाच मला होता. शेवटचं वर्ष ती चाकाच्या खुर्चीत होती आणि देवळाला तीन पायऱ्या. ती बाहेर चपलांपाशी बसून ऐकायची. गळा असा, की आतल्या गाणाऱ्यांनी लाजावं. "उचलून नेतो," म्हटलं तर म्हणायची, "मी काय गव्हाचं पोतं आहे?" चाळीस वर्षं सुतारकाम केलं मी. त्या पायऱ्यांवर फळी टाकावी एवढं सुचलं नाही.

दत्तजयंतीला पंधरा दिवस होते. भजन रंगलं होतं आणि बाहेरून, अगदी त्याच जागेवरून, बाईचा आवाज लागला. माझा हात पखवाजावर तसाच राहिला. उठून बघितलं तर चाकाची खुर्ची, खुर्चीत तिशीतली बाई. नाव वैशाली, खारघरच्या एका शाळेत गाणं शिकवते, इथे बहिणीकडे आलेली. मी तिथंच ठरवलं, जयंतीला ही आत गाणार.

मंडळाचे प्रमुख म्हात्रेबुवा म्हणाले, "गाऊ दे, पन खुर्चीवर बसून? आपून सगली खाली बसतो. देवाच्या तसबिरीपेक्षा उंच बसून कोन गातं काय?"

"मग तसबिरीचा चौरंग उंच करू. मी बनवतो. देवाची तक्रार आली तर माझ्याकडे पाठवा."

दोन दिवसांत पायऱ्यांवर फळ्यांचा उतार ठोकला आणि मोठ्या तोऱ्यात वैशालीला दाखवला. ती हसतच सुटली. "काका, ही तर घसरगुंडी! मी वर जायची नाही, दत्तच खाली येतील." मग तिनेच माप सांगितलं. एक वीत चढाला बारा वीत लांबी. आमच्या पायऱ्यांना झाली चोवीस वीत, म्हणजे सरळ काढली तर रस्त्यात. तेव्हा लख्ख कळलं, चूक फळीची नव्हती. मी विचारलंच नव्हतं. बायकोलाही नाही. उचलू का म्हणालो, तुला काय पाहिजे ते कधी म्हणालो नाही.

ठोकलेलं सगळं उपसलं. उतार देवळासमोरच्या औदुंबराभोवती फिरवला, मध्ये खुर्ची वळायला सपाट जागा ठेवली. जयंतीला वैशाली स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत, औदुंबराला वळसा घालून आत आली. तिच्यामागे गुडघे धरत म्हात्रेबुवा.

"बुवा, पायऱ्या तिकडं आहेत."

"गप रे. परदक्षिना घालतोय."

सगळं देऊळ हसलं. वैशालीने सूर लावला आणि पहिल्याच ओळीला माझं तोंड आपोआप उघडलं. बेसूर गायलो, पण गायलो. डोळ्यांतलं पाणी पखवाजावर पडलं म्हणून बुवा माझ्यावर खेकसलेसुद्धा.

मी देवाकडे काही मागितलं नव्हतं. मागण्याइतकं बोलणंच नव्हतं आमचं. तरी त्याने त्याच जागेवर आवाज पाठवला आणि माझ्या हातांना काम दिलं. चमत्कार की काय ते शिकलेल्यांनी ठरवावं. मला इतकंच कळलं, की आपण रुसलो तरी तो रुसत नाही. आता मी हात त्याच्याकडे सोपवलेत. काही करायच्या आधी विचारतो, माणसालाही आणि त्यालाही.

गुरुवारी वाजवताना अजून सवयीने दाराबाहेर नजर जाते. चपलांपाशी आता नुसत्या चपला असतात.