गवतवाल्या मावशी

माझी माय, बनाबाई, तीस वर्षं नळदुर्गच्या किल्ल्यात रोजानं गवत काढते. साठी उलटली, पण विळा हातातून सुटत नाही. मी स्टँडजवळ फोटो स्टुडिओ चालवतो आणि रविवारी सोलापूरच्या कॅमेरावाल्या मंडळींना किल्ला दाखवतो. बुरुजावर ऊन कधी येतं, बंधाऱ्यातल्या पाणीमहालावरून पाणी पडायला लागलं की कुठं उभं राहायचं, बगळे कुठल्या झाडावर उतरतात, हे मी मोठ्या तोऱ्यात सांगतो. यातलं एकही माझं नाही. सगळं मायनं जेवताना सहज सांगितलेलं. मंडळी म्हणतात, "राजपाल सर, काय अभ्यास आहे तुमचा," आणि मी खुशाल मान डोलावतो.

रविवारी माय कामावर नसायची, म्हणून माझं निभत होतं. श्रावणातल्या एका रविवारी मात्र मुकादमानं बायकांना बोलावलं. आम्ही पाणीमहालाकडं उतरलो तर समोर माय. पदर कमरेला खोचलेला, पाय चिखलानं भरलेले. मला पाहून ती हसली. ग्रुपच्या हर्षाली मॅडम हळूच म्हणाल्या, "सर, काय सुंदर चेहरा आहे. यांना जरा वर बघायला सांगा ना."

"ही माझी माय" म्हणायला मला काय धाड भरली होती? पण जीभ रेटेना. मी म्हणालो, "मावशी, जरा वर बघा."

जन्मात मी तिला अहोजाहो केलं नव्हतं. तिचं हसू क्षणभर तसंच राहिलं, मग गेलं. "असं का, साहेब?" म्हणत तिनं मान वर केली. सगळ्यांनी फोटो काढले. मीही काढला. त्याची लाज मला अजून जाळते.

संध्याकाळी तिनं माझं ताट मांडलं. भाकरी वाढली, पिठलं वाढलं. मी "माय" म्हणून हाक मारली तर नेहमीसारखं "हं" म्हणाली. तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या रविवारी मनाशी ठरवूनच गेलो. मुकादमानं त्याही रविवारी बायकांना बोलावलं होतं; माय बुरुजाखाली विळा चालवत होती. मंडळींना घेऊन तिच्याजवळ गेलो, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "ही माझी माय, बनाबाई. मी तुम्हाला जे सांगतो, ते सगळं हिचं आहे."

मायनं माझा हात बाजूला केला. पदर डोक्यावर घेतला आणि मॅडमकडं बघून म्हणाली, "न्हाय ओ बाई. साहेब लई चांगले हायेत, गरिबाला माय म्हणत्यात. म्या हितली गवतवाली."

मंडळी भारावली. कोणीतरी टाळ्याही वाजवल्या. "किती मोठं मन आहे सरांचं," मॅडम म्हणाल्या. माय पुन्हा खाली बसून गवत कापायला लागली.