बदाम कपाटात, आजोबा खाटेवर

सई, ओम,

अकोल्याच्या डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "आजी, यांना खायला काय देता?" मी अभिमानानं सांगितलं, सकाळी भिजवलेले बदाम, संध्याकाळी पिस्ते, रोज एक डिंकाचा लाडू. ते म्हणाले, "सगळं आजपासून बंद."

आजोबांना क्रॉनिक किडनी डिसीज आहे. यात मूत्रपिंडं हळूहळू निकामी होतात. कळलं तेव्हा शेवटची पायरी आली होती. आधी नुसता थकवा होता, मग पायांवर सूज. आमच्या कारंज्यात थकव्यावर एकच औषध, सुकामेवा. आजाऱ्याला भेटायला कुणी रिकाम्या हातानं येत नाही, आणि आणलेलं डोळ्यांदेखत खाऊ घातल्याशिवाय उठत नाही. आजोबा खंगत गेले, तसे बदाम वाढत गेले.

तुमच्या ओळखीत कुणी असं थकलं, पाय सुजले, तर बदाम भिजवण्याआधी रक्ततपासणी करायला सांगा. मूत्रपिंडं थकली की पोटॅशियम आणि फॉस्फरस हे क्षार रक्तात साचतात. पोटॅशियम फार वाढलं तर हृदय बंद पडू शकतं. फॉस्फरसनं हाडं ठिसूळ होतात, अंगाला खाज सुटते.

तुम्ही फोनवर विचारलं होतं, कोणता मेवा सर्वांत चांगला? दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंकडून मी समजून घेतलं. प्रथिनांत आपला शेंगदाणा बदामाच्याही पुढे. पोटॅशियम पिस्त्यात सर्वांत जास्त, मग बदाम आणि शेंगदाण्यात. काजूत ते थोडं कमी, पण फॉस्फरस भरपूर. अक्रोडात त्या मानानं दोन्ही कमी. म्हणून अर्धा अक्रोड, तोही कधीतरी. तुम्हाला जे पौष्टिक, ते त्यांना वर्ज्य.

तुम्ही पाठवलेली मेव्याची पाकिटं मी कपाटात ठेवून कुलूप लावलं. आजोबा म्हणाले, "बदाम कपाटात अन् मी खाटेवर. दोघंबी कैदेत." बदामाचं त्यांना काही नव्हतंच. त्यांना हवे होते भाजलेले शेंगदाणे. रोज मागायचे, रोज मी नाही म्हणायची. "मले कायले तरसवून राह्यली वो?"

डायलिसिस, म्हणजे यंत्रानं रक्त गाळणं, काही आठवडे केलं. हृदय आधीच कमजोर. मशीनवर दर वेळी रक्तदाब कोसळायचा. मागच्या आठवड्यात तेही थांबवलं.

त्या दिवशी दवाखान्यातून निघताना डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "आजी, आता त्यांना जे आवडतं ते द्या. पथ्य राहू द्या."

गाडीत बसल्यावर आजोबांनी विचारलं, "आज डॉक्टर काहून एवढा दयाळू झाला?" मी त्यांच्या पायांवरची शाल सारखी केली. मग तेच म्हणाले, "समजलं मले."

घरी आल्यावर मी शेंगदाणे भाजले, सालं चोळून पाखडली, वाटी त्यांच्या हाती दिली. त्यांनी एक दाणा तोंडात टाकला. बराच वेळ घोळवला. मग काढून माझ्या तळहातावर ठेवला.

"मातीवानी लागते," म्हणाले. "तू खाय."

या आजारात चव जाते, हे मला माहीत होतं. तरी मी सगळी वाटी त्यांच्यासमोर बसून खाल्ली. ते बघत होते, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांचा चेहरा निवांत दिसला. तेवढ्यासाठीच देवाचे आभार मानते. दुसरं काही मागण्यासारखं उरलेलं नाही.

तुम्ही आता काही पाठवू नका. शक्य असेल तर या.

आजी